रेणापूरचा पहिला कॉम्प्युटर

रामलिंगअप्पा बिराजदारांनी आयुष्यात एकच गोष्ट सगळ्यांच्या आधी केली होती, आणि ती त्यांनी तीस वर्षं कुणाला विसरू दिली नव्हती. रेणापुरात पहिला कॉम्प्युटर त्यांनी आणला. भूकंपाच्या आधी आणला. आमच्या लातूरकडे कुणी 'भूकंपाच्या आधी' म्हणालं की पुढे साल विचारायचं नसतं, पण अप्पा तेही सांगत. त्र्याण्णव, पोळ्याच्या सुमारास. टायपिंग क्लासच्या खोलीत तो टेबलावर मांडला तेव्हा चालू करायला कुणी धजेना. खुद्द अप्पा रबरी चप्पल घालून दारात उभे होते. शेवटी त्यांच्या बायकोने, रुद्राणीबाईंनी, मशीनच्या उघड्या पेटीतच पूजा उरकली आणि बटण दाबलं. गोष्टीतला हा तुकडा अप्पा सांगताना गाळायचे.

या पहिलेपणाला जगात एकच माणूस आडवा येत होता. हणमंतराव. त्यांचाही एकेकाळी रेणापुरात, बाजारगल्लीत, कॉम्प्युटरचा क्लास होता. शहाण्णवच्या दिवाळीआधी परतीच्या पावसात वीज कडाडली आणि दोघांचीही मशिनं एकाच दिवशी बंद पडली. लातूरच्या दगडोबा मेकॅनिकने दोन्ही आपल्या दुकानात नेऊन दुरुस्त करून आणली. अप्पांचं मशीन असं पळायला लागलं की अप्पांनी दगडोबाला टॉवेल-टोपीचा आहेर केला. हणमंतरावांचं मात्र आधीपेक्षा मंद झालं, आणि त्यांनी दगडोबाला भर बाजारात शिव्या दिल्या. पोरं पळत्या मशीनकडे गेली. दोन वर्षांत हणमंतरावांचा क्लास बंद पडला आणि ते मुलाकडे नांदेडला निघून गेले. अप्पा तेव्हापासून सांगत आले की मशीनलासुद्धा मालकाचा स्वभाव कळतो.

हे सगळं आता मागे पडलं होतं. पण यंदा गावातल्या शाळेला पन्नास वर्षं झाली, शाळेने नवी कॉम्प्युटरची खोली बांधली, आणि समितीचे अध्यक्ष लक्ष्मणराव यांनी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जाहीर केलं की खोलीला गावात पहिला संगणक आणणाऱ्या व्यक्तीचं नाव द्यायचं. दारावर संगमरवरी पाटी बसणार. अप्पांनी तो मजकूर चष्मा पुसून दोनदा वाचला, आणि 'आभारी आहे' असं लिहून टाकलं. त्यांना अजून कुणी काही दिलेलं नव्हतं. दहा मिनिटांनी नांदेडहून उत्तर आलं. 'पहिला माझा होता. भूकंपाच्या आधी. हणमंतराव.'

लक्ष्मणराव म्हणाले, पुरावा आणा. अप्पांची पावती घरी नव्हती, कारण ती क्लासच्या परवान्याच्या अर्जाला जोडली होती. परवाना एका कार्यालयातून निघाला होता. कोणत्या ते इथे लिहीत नाही, अप्पांचं तिथे अजून काम पडतं. तिथल्या बाईंनी फार आस्थेने चौकशी केली आणि सांगितलं की जुनं रेकॉर्ड एका लोखंडी पेटीत आहे, पेटी समोरच आहे, किल्ली मात्र नाही. कुलूप तोडता येईल का, असं अप्पांनी विचारलं. तोडता येईल, पण ठराव लागेल. आणि ठरावाची वही पेटीत होती. अप्पा त्या पेटीवरच थोडा वेळ बसून घरी आले.

तेव्हा लक्ष्मणरावांना आपली भाची आठवली. दीपाली नांदेडला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची आणि तिला जुने कॉम्प्युटर जमवायचा नाद होता. लोक जुनी नाणी ओळखतात तसे ती जुने मदरबोर्ड ओळखायची. देशभरातले तिच्यासारखेच नादिष्ट लोक तिला फोटो पाठवून विचारायचे, हा कोणता, कधीचा, ठेवू का टाकू. तिने अप्पांना फोन केला.

"काका, पावती नसली तरी चालतंय. कॉम्प्युटरची पेटी उघडा. आत जो मोठा हिरवा बोर्ड आहे, त्याच्यावरच्या चिपांवर बारीक अक्षरांत चार आकडे असतात. पहिले दोन साल, पुढचे दोन आठवडा. ती चिप कारखान्यात कधी बनली ते त्याच्यावरच छापलेलं असतं. फोटो काढून पाठवा. फक्त काही पुसू नका."

यातलं पहिलं वाक्य अप्पांना फार आवडलं आणि शेवटचं त्यांनी ऐकलं नाही.

पेटी माळ्यावर होती. तिच्यावर लोणच्याची बरणी ठेवायचा प्रघात पडून वीस वर्षं झाली होती. स्क्रू पिळल्याचा आवाज भिंतीपलीकडे गेला आणि संगप्पा हजर झाले. संगप्पा वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे तार असलेली कुठलीही वस्तू गावात त्यांच्याशिवाय उघडत नसे.

"अप्पा, आधी त्यातला करंट काढा."

"वीस वर्षं माळ्यावर हाय, संगप्पा."

"करंट कुठं दडून बसंल सांगता येत न्हाई. माझी सारी नोकरी गेली त्याच्यात."

मग रुद्राणीबाईंचं लाटणं आणलं आणि संगप्पांनी ते बोर्डावर सगळीकडे टेकवून पाहिलं. काही झालं नाही. संगप्पा म्हणाले, बघा, निघून गेला.

आत पालीची दोन वाळकी अंडी होती, बोटभर धूळ होती आणि मधल्या मोठ्या चिपवर लालपिवळा थर वाळून बसला होता. आकडे नेमके त्याच्याखाली. अप्पांनी बायकोला हाक मारली.

"हे बघ तुझे उद्योग. यंत्राच्या पोटात हळदीकुंकू."

रुद्राणीबाईंनी वाकून पाहिलं. "हे माझं न्हाई. कुंकू ओलं लावावं लागतंय, आन् मशीनला पाण्याचा थेंब लागू द्यायचा न्हाई म्हणून तुम्हीच वराडला होता. मी भस्म लावलं होतं, कोरडं. तीन बोटं."

"तीस वर्षांपूर्वीचं तुला काय आठवतंय?"

"तुम्हाला आठवतंय तसंच."

पण तीस वर्षांपूर्वीचा वार, तिथी आणि कॉम्प्युटर आणणाऱ्या ट्रकचा नंबर पाठ असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या आठवणीवर विश्वास ठेवणं जड जातं. संगप्पांनी उपाय सांगितला, पेट्रोल आणि दात घासायचा ब्रश. पेट्रोल संगप्पांच्या मोटरसायकलचं आणि ब्रश अप्पांचा चालू वापरातला. अप्पांनी तासभर घासून सगळा थर उडवला. कोपऱ्यातल्या एका खाचेत ब्रश शिरेना, तिथे बोटाएवढा डाग राहिला तो राहिला.

मग आकड्यांचा शोध सुरू झाला. भिंग घेऊन अप्पा, टॉर्च घेऊन संगप्पा. एका लांबोळक्या चिपवर चार आकडे अगदी ठसठशीत सापडले. ८०४२. म्हणजे सन ऐंशी, आठवडा बेचाळिसावा. अप्पांनी भिंग पुसून पुन्हा पाहिलं. आपण त्र्याण्णवला घेतला खरा, पण मशीन मुळात एवढं खानदानी असेल याची त्यांना कल्पना नव्हती. संगप्पांनी आणखी एक चिप शोधली, तिच्यावर ७४०७ होतं. चौऱ्याहत्तर. बांगलादेशचं युद्ध होऊन तीन वर्षंही झाली नव्हती, असं संगप्पा गंभीरपणे म्हणाले. अप्पांनी नम्रपणा म्हणून चौऱ्याहत्तर बाजूला ठेवलं आणि ग्रुपवर ऐंशी टाकलं. 'तांत्रिक पुराव्यानुसार आपल्या गावातील पहिला संगणक सन १९८० चा असल्याचे सिद्ध झाले आहे.'

ग्रुपवर फुलं पडली, हात जोडले गेले. एकाने अप्पांना पद्मश्री मिळावी असं सुचवलं. तासाभराने हणमंतरावांनी एकच ओळ लिहिली. 'ऐंशी साली अप्पांच्या घरी लाइट नव्हती.' ही गोष्ट खरी होती, आणि खरी होती म्हणून लोक दोन दिवस हसले. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानेही विचारलं, अप्पा, कंदिलावर चालवत होता का.

दीपालीचा फोन आला. "काका, ८०४२ हे त्या चिपचं नाव आहे, तारीख नाही. त्या काळातल्या बऱ्याच बोर्डांवर ते असतंच. कीबोर्ड सांभाळणारी चिप ती. चौऱ्याहत्तरचंही तसंच. आणि तुमच्या फोटोत निम्म्या ठिकाणी कुणाचा तरी अंगठा आलाय. असं करा, पेटी घेऊन रविवारी नांदेडला या. मी समोर बसून बघते."

अप्पा निघाले. पेटी गोणपाटात गुंडाळली होती आणि ती धरायला रुद्राणीबाई सोबत होत्या. लातूरला नांदेडच्या एसटीत बसले तेव्हा कंडक्टरने गोणपाटाला पायाने हलवून पाहिलं.

"हे काय हाय?"

"रेणापूरचा पहिला कॉम्प्युटर."

"पहिला असू द्या न्हाईतर शेवटचा. शिटावर न्हाई ठेवायचा. आन् ह्याचं सामानाचं तिकीट लागंल."

अप्पांचं वयामुळे अर्धं, रुद्राणीबाईंचं बाईमाणूस म्हणून अर्धं, आणि पेटीचं मात्र नियमाप्रमाणे. पुऱ्या प्रवासात सगळ्यात मान त्या पेटीला होता, असं अप्पांना वाटलं, पण तेही चाकूरपर्यंतच. चाकूरला चढलेल्या आजीने तिच्यावर पाय ठेवले. अहमदपूरला एकाने टमाट्याचं कॅरेट ठेवलं. तो माणूस बोलका निघाला. त्याने सांगितलं की अशा बोर्डात सोनं असतं, ॲसिडात टाकलं की खाली बसतं, त्याच्या मेव्हण्याने असंच टाकलं होतं. सोनं किती निघालं असं रुद्राणीबाईंनी विचारलं. तो म्हणाला, सोनं न्हाई निघालं, मेव्हण्याच्या धोतराला भोकं पडली. तो लोह्याला उतरेपर्यंत अप्पा दोन्ही हात पेटीवर ठेवून बसले.

दीपालीच्या घरी खोलीभर बोर्ड भिंतीला टांगलेले होते आणि सोफ्यावर हणमंतराव बसले होते. त्यांच्या पुढ्यात अगदी तशीच दुधी रंगाची पेटी. अप्पांना हे कुणी सांगितलं नव्हतं. सत्तावीस वर्षांनी दोघं समोरासमोर आले. "या अप्पा," हणमंतराव म्हणाले. "बसा," अप्पा म्हणाले, जणू घर त्यांचंच होतं. मग दोघंही चहा येईपर्यंत पंख्याकडे बघत राहिले.

दीपालीने आधी अप्पांची पेटी घेतली. बोर्ड बाहेर काढला, लांब खाचा मोजल्या, पाठीमागून पाहिला, वास घेतला.

"काका, पेट्रोल?"

"थोडंसं," अप्पा म्हणाले.

तिने भिंग लावून एकेक चिप वाचली आणि कागदावर आकडे मांडले. "बोर्डाचं वय सगळ्यात तरुण चिपवरून धरायचं असतं. शेवटची चिप आल्याशिवाय बोर्ड पुरा होत नाही. तुमच्यावर सगळ्यात तरुण आकडा ९५१८ आहे. पंच्याण्णव सालचा मे महिना. चांगला बोर्ड आहे, ४८६, त्या काळात पळणारा. पण भूकंपाच्या आधीचा नाही."

अप्पांनी कप बशीत ठेवला. तीस वर्षं जे एक वाक्य घेऊन ते गावात फिरले होते ते एका पोरीने चार आकड्यांत खोडून टाकलं होतं. आपण खोटं बोलत होतो की काय, असा विचार त्यांच्या मनात पहिल्यांदाच आला आणि त्यांना मनापासून भीती वाटली.

हणमंतरावांचा बोर्ड निघाला. दीपाली वाचत गेली. ९२४०. ९३०५. ९३१२. "हा त्र्याण्णवचा. ३८६ आहे, अप्पांच्या ४८६पेक्षा बराच धीमा, पण जुना हाच. एवढी मधली मोठी चिप राहिली, तिच्यावर पांढरं साचलंय. जुन्या बॅटऱ्या गळतात, त्याचा क्षार असणार. थोडं व्हिनेगर लावते, म्हणजे निघेल." तिने कापसाचा बोळा बुडवला.

हणमंतराव सोफ्यावर मागे टेकले. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"थांब, बाई," रुद्राणीबाई म्हणाल्या. इतका वेळ त्या गोणपाटाची घडी घालत होत्या. त्या उठून टेबलापाशी आल्या आणि वाकल्या. "हे बॅटरीचं न्हाई. बॅटरीतलं गळून तीन सरळ रेघा कशाला ओढील? हे भस्म हाय. माझी बोटं हायेत ही."

त्यांनी आपली तीन बोटं चिपच्या वर, न टेकवता, धरून दाखवली. रेघा त्या बोटांखाली बरोबर बसल्या. "हा आमचा बोर्ड हाय. आन् ते कुंकू माझं न्हाई, असं मी घरीच सांगितलं होतं."

 दीपालीने बोळा खाली ठेवला. "दोन्ही पेट्या कधी एकत्र उघडल्या होत्या का?"

उत्तर अप्पांना आणि हणमंतरावांना एकाच वेळी सुचलं. दगडोबा आता हिमायतनगरला ठिबकच्या नळ्या विकत होता. हणमंतरावांनी फोन लावला, स्पीकरवर टाकला. सगळं ऐकून दगडोबा म्हणाला, "एका टेबलावर होत्या खऱ्या दोन्ही. एकसारख्या पेट्या. असंल झालं. पण चालू झाल्या होत्या का न्हाई? मग?"

आणि त्याने फोन ठेवला.

म्हणजे दगडोबाच्या दुकानात बोर्डांची अदलाबदल झाली होती, आणि पहिला अप्पांचाच होता. अप्पांच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि तो उतरताच त्याच्या जागी दुसरा येऊन बसला. कारण हिशेब त्यांनाही कळत होता. जे मशीन पळायचं ते हणमंतरावांचं होतं. ज्या पळण्यामुळे बाजारगल्लीतली पोरं अप्पांकडे आली, ते पळणं उसनं होतं. दगडोबाला दिलेला टॉवेल-टोपीचा आहेर आणि मशीनला मालकाचा स्वभाव कळतो हे वाक्य, दोन्ही त्यांना एकदम आठवलं. शब्द सापडतील म्हणून ते हणमंतरावांकडे वळले.

हणमंतराव भांडायला उठले नव्हते. त्यांनी ४८६चा बोर्ड मांडीवर घेतला होता आणि ते त्यावर काहीतरी शोधत होते.

"कुंकू कुठं गेलं?" ते म्हणाले. "तुळजाबाईनं लावलं होतं. मशीन आलं त्या दिवशी. मी नको म्हणत होतो, तिनं बोट बुडवून लावलंच."

तुळजाबाई म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"मी पुसलं," अप्पा म्हणाले.  "पेट्रोलनं. माझं चुकलं, हणमंतराव. हे आपलं न्हाई, असं सांगणारं माणूस घरातच होतं, मी ऐकलं न्हाई."

हणमंतरावांनी बोर्ड उजेडाकडे तिरपा धरला. कोपऱ्यातल्या खाचेत, जिथे ब्रश शिरला नव्हता, तिथे बोटाएवढा लाल डाग होता. त्यांनी त्याला हात लावला नाही.

"एक बोट राहिलंय," ते म्हणाले. "लई झालं." मग नाक ओढून, नेहमीच्या आवाजात म्हणाले, "पाटी तुमची. पहिला तुमचा निघाला. माझं भूकंपाच्या आधीचं म्हणणं खोटं होतं. पण हा बोर्ड मी घेऊन जाणार."

तेवढ्यात लक्ष्मणरावांचा फोन आला. पाटीवाला सकाळपासून शाळेच्या ओट्यावर छिन्नी घेऊन बसला होता. एकच नाव सांगा, ते म्हणाले, मोठ्या अक्षरात, स्पष्ट.

अप्पांनी हे नाव मनात हजार वेळा कोरलं होतं. कुठला 'श्री' घालायचा आणि पुढे 'अप्पा' लावायचं की नाही, इथपर्यंत ठरलं होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती पुन्हा गोणपाटाची घडी घालायला लागली होती.

"लिवा," अप्पा म्हणाले. "रुद्राणी रामलिंग बिराजदार."

"अप्पा, तुमचं नाव मागतोय."

"पहिलं बटण तिनं दाबलं. मी दारात उभा होतो, रबरी चप्पल घालून. कुणाला बी विचारा." हा तुकडा त्यांनी पहिल्यांदाच सांगितला, आणि तो सांगून काही बिघडलं नाही याचं त्यांना नवल वाटलं.

"एकटीचं नको," रुद्राणीबाई तिथूनच म्हणाल्या. "तुळजाबाईचं बी लिवा. तिचं बोट होतं म्हणून माझं कळलं."

लक्ष्मणराव म्हणाले, दोन नावं म्हणजे समितीचा ठराव घ्यावा लागेल. अप्पा म्हणाले, घ्या, फक्त वही पेटीत ठेवू नका.

पाटी बसली. उद्घाटनाला दोघींची नावं संगमरवरात होती, नव्या वीस मशिनांना रुद्राणीबाईंनी कोरडं भस्म लावलं, आणि एका मशीनला हणमंतरावांच्या सुनेने कुंकू लावलं, तेव्हा शाळेचे कॉम्प्युटरचे सर डोळे मिटून उभे राहिले. शाल रुद्राणीबाईंना मिळाली. अप्पांना आणि हणमंतरावांना दुसऱ्या रांगेत, खांबामागे, खुर्च्या मिळाल्या. भाषण लांबलं तसे हणमंतराव अप्पांच्या कानाशी वाकले.

"एक मात्र खरं. माझं मशीन फास्ट होतं."

"होतं की," अप्पा म्हणाले. "नऊ वर्षं मीच चालवलं न्हाई का."